तारेवरची तालीम

7 फेब्रुवारी 1998. जपानमधल्या नागानो शहरात हिवाळी ऑलिम्पिकचं उद्घाटन चाललं होतं आणि सेइजी ओझावा बीथोव्हनच्या नवव्या सिंफनीतलं समूहगान सादर करत होते. वाद्यवृंद नागानोत होता. गाणारे मात्र पाच खंडांत विखुरलेले: बीजिंग, बर्लिन, सिडनी, न्यू यॉर्क आणि केपटाऊन. सूर ये-जा करत होते उपग्रहावरून. असा उपग्रह विषुववृत्तावर जवळपास 36 हजार किलोमीटर उंच असतो, त्यामुळे आवाज वर जाऊन खाली येईपर्यंत पाव सेकंद सहज उलटतो. शिवाय प्रत्येक शहराचा मार्ग वेगळा, म्हणून प्रत्येकाचा उशीरही वेगळा. तंत्रज्ञांनी त्यावर तोड काढली. जो सूर आधी पोचेल त्याला रोखून धरायचं आणि सगळ्यात मागे राहिलेल्याच्या जोडीनं सोडायचं. टीव्हीसमोर बसलेल्या जगाला पाच खंड एका सुरात ऐकू आले.

पण याला एकत्र गाणं म्हणायचं का? सगळे एकाच वाद्यवृंदाच्या मागोमाग गायले, आणि त्यांना एका रांगेत उभं केलं ते यंत्रानं. लांबच्या माणसापर्यंत गाणं पोचवण्याच्या खटपटीला आता दीडशे वर्षं होत आली. त्यात अंतराचा प्रश्न फार लवकर सुटला आणि आवाजाच्या दर्जाचा प्रश्नही यथावकाश सुटला. वेळेचा प्रश्न तेवढा अजून तिथेच आहे, आणि इंटरनेटवरच्या संगीताची सगळी कहाणी त्या काही मिलिसेकंदांभोवती फिरते.

सुरुवात टेलिफोनपासून करावी लागते. 1881 साली पॅरिसमध्ये विजेचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. क्लेमाँ आदेर या अभियंत्यानं तिथल्या ऑपेराच्या रंगमंचावर टेलिफोनचे ध्वनिग्राहक बसवले आणि प्रदर्शनात आलेल्या लोकांच्या दोन्ही कानांना एकेक श्रवणयंत्र लावून चालू प्रयोग ऐकवला. दोन कानांना दोन वेगळ्या ध्वनिग्राहकांचा आवाज मिळत असल्यानं गायक डावीकडून उजवीकडे गेलेला कळायचा. पुढे 1890 मध्ये याची रीतसर कंपनी निघाली, ‘तेआत्रोफोन’ नावाची. हॉटेलांतून तिची यंत्रं लागली. नाणं टाकायचं आणि काही मिनिटं ऑपेरा ऐकायचा. पैसेवाल्यांना घरी वर्गणीनं जोडणी मिळे. कादंबरीकार मार्सेल प्रूस्त हा तिचा वर्गणीदार होता. रेडिओ आला, आणि 1932 मध्ये कंपनीला टाळं लागलं.

अमेरिकेत थॅडियस केहिल यानं याच्याही पुढची उडी मारली. त्याचं ‘टेलहार्मोनियम’ हे विजेवर सूर निर्माण करणारं सुमारे 200 टनांचं धूड होतं. 1906 पासून न्यू यॉर्कमधून ते तारांवाटे हॉटेलांत आणि उपाहारगृहांत संगीत पाठवू लागलं. त्याचा प्रवाह एवढा जबर की शेजारच्या टेलिफोन तारांवर बोलणाऱ्यांच्या गप्पांत मधेच ऑर्गनचे सूर घुसत. दोन-तीन वर्षांत तो उद्योग बसला.

आवाजाच्या दर्जाचा खरा कस लागला तो 27 एप्रिल 1933 रोजी. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा आपल्याच गावी, रिकाम्या सभागृहात वाजवत होता. ऐकणारे बसले होते सव्वादोनशे किलोमीटरवरच्या वॉशिंग्टनमध्ये. बेल प्रयोगशाळेनं तीन मायक्रोफोन, तीन खास तारा आणि तीन लाऊडस्पीकर असा थाट मांडला होता. गंमत अशी की ऑर्केस्ट्राचा मुख्य संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की वादकांसमोर नव्हताच. तिथे त्याचा सहकारी अलेक्झांडर स्मॉलेन्स छडी हलवत होता, आणि स्टोकोव्स्की वॉशिंग्टनमध्ये श्रोत्यांच्या बाजूला बसून बटणं फिरवत आवाज चढवत-उतरवत होता. गाणं दूरवर नेता येतं, तेही जसंच्या तसं, एवढं त्या रात्री सिद्ध झालं. पण ते एकाच दिशेनं गेलं. वॉशिंग्टनहून कुणी फिलाडेल्फियाच्या साथीला वाजवायला बसलं नव्हतं.

आपल्याकडे दूरस्थ संगीताची वाट आधी शिकवण्याच्या अंगानं गेली. गुरूच्या घरी राहायचं, पाणी भरायचं, तंबोरा जुळवायचा आणि कानावर पडेल ते गोळा करायचं, ही जुनी रीत. तिला पहिला धक्का छापखान्यानं दिला. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि स्वतःची स्वरलिपी बसवली. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे यांनी दुसरी बसवली आणि क्रमिक पुस्तकमालिका मराठीत लिहिली. घराण्यांच्या पेटाऱ्यातल्या बंदिशी कागदावर उतरल्या. मिंड, श्रुती, आवाजाचा लगाव कागदावर कसा येणार, असा आक्षेप त्या वेळी घेतला गेला आणि तो खराच होता. आज ऑनलाइन शिकवणीवर घेतले जाणारे आक्षेप ऐकले की वाटतं, शंभर वर्षांत वाक्यं फारशी बदललेली नाहीत.

मग तबकडी आली. 1902 मध्ये फ्रेड गैसबर्गनं कलकत्त्यात गौहरजानचं ध्वनिमुद्रण केलं आणि गाणं गवयापासून सुटं झालं. काही बुजुर्गांना ते मानवलं नाही. अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज आज आपल्याला ऐकायला मिळत नाही तो त्यामुळेच. उलट नव्या पिढीनं तबकडीलाच गुरू केलं. लहानगा शिवपुत्र कोमकळी भल्या भल्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवायचा, म्हणून त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी मिळाली. भीमसेन जोशींनी लहानपणी अब्दुल करीम खाँची तबकडी ऐकली आणि त्या ओढीनं घर सोडलं. तबकडी गाऊन दाखवते, पण चुकलं तर सांगत नाही. भीमसेनना शेवटी कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या दारात जावंच लागलं.

रेडिओनं शिकवून पाहिलं. 23 जुलै 1927 रोजी मुंबई केंद्र सुरू झालं, पाठोपाठ कलकत्ता. कलकत्त्याला पंकज मलिक 1929 पासून ‘संगीत शिक्षार आसर’ हा गाणं शिकवण्याचा कार्यक्रम करू लागले आणि तो 1975 पर्यंत चालला. शिकवणाऱ्याला समोरचा विद्यार्थी एकदाही ऐकू येत नाही, आणि तरी घराघरांतून लोक वही-पेन्सिल घेऊन बसतात, याचं हे मोठंच उदाहरण म्हणायला हवं.

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. तेव्हाचा डायल-अप ज्यांनी वापरला त्यांना मोडेमचा तो किरकिराट अजून आठवत असेल. 28.8 केबीपीएसच्या मोडेमवर पाच एमबीचं एक गाणं उतरवायला वीस-पंचवीस मिनिटं लागायची, आणि मधेच कुणी फोन उचलला की सगळं मुसळ केरात. थेट तालमीची गोष्टच दूर. परदेशातल्या मराठी घरांत तेव्हाही चलती होती ती कॅसेटची. सुट्टीत भारतात यायचं, महिनाभर शिकून घ्यायचं, कॅसेटी भरून न्यायच्या आणि पुढच्या सुट्टीपर्यंत त्या घासायच्या.

पाश्चात्त्य विद्यापीठांत त्याच सुमारास वेगळंच चाललं होतं. व्हायोलिनवादक पिंकस झुकरमन सतत दौऱ्यावर असत. विद्यार्थी न्यू यॉर्कच्या मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकमध्ये आणि गुरू जगात कुठेतरी, अशी स्थिती. 1996 पासून त्या संस्थेनं व्हिडिओ कॉन्फरन्सवर रीतसर शिकवणी सुरू केली. 1999 च्या सप्टेंबरात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून एका जॅझ वाद्यवृंदाचं चालू वादन अनेक ध्वनिमार्गांसह इंटरनेटवरून न्यू यॉर्कला पोचवण्यात आलं. वादक एका देशात, श्रोते दुसऱ्या. म्हणजे 1933 चाच प्रयोग, फक्त तार बदलली.

तेव्हा प्रश्न एकदिश पाठवण्याचा उरलाच नव्हता. दोन्ही टोकांना वाजवणारे असले की काय होतं, हा खरा प्रश्न होता. स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस चेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अगदी साध्या पद्धतीनं तपासला. दोन माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं, दोघांना एकमेकांत गुंफलेल्या टाळ्यांचा ठेका दिला आणि मधला उशीर कमी-जास्त करत नेला. उशीर अगदीच नाहीसा केला तर माणसं नकळत लय वाढवतात. दहा ते वीस मिलिसेकंदांत लय स्थिर राहते. त्यापुढे दोघं एकमेकांची वाट पाहत पाहत लय खाली आणतात, आणि साठ-सत्तरच्या पुढे ठेका मोडतो. हवेतून आवाज एका मिलिसेकंदात साधारण एक फूट जातो. म्हणजे वीस-पंचवीस फुटांपलीकडे बसलेल्या माणसाशी निव्वळ कानाच्या भरवशावर लय सांभाळणं अवघडच. बैठकीत तबलजी गवयाच्या हाताच्या अंतरावर बसतो त्यात मान, सोय आणि नजरेचा इशारा यांच्याइतकंच हेही कारण आहे.

आता काचेच्या तंतूचा हिशेब मांडू. त्यातून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दोनशे किलोमीटरला एक मिलिसेकंद. पुणे ते न्यू यॉर्क सरळ रेघेत साडेबारा हजार किलोमीटर भरतं. साठ-बासष्ट मिलिसेकंद तिथेच गेले. समुद्रातली केबल काही सरळ रेघेत जात नाही, आणि वर कॅमेरा, आवाजाचं आकुंचन, वाटेतले राऊटर यांचा वेळ धरला तर एका दिशेला दीडशे मिलिसेकंदांचा लॅग ही घरगुती इंटरनेटवर नेहमीची गोष्ट. यातला बराच भाग सुधारता येतो, पण ते साठ-बासष्ट कुणाच्या बापाला हटवता येत नाहीत. तिथे मोबाइल कंपनी नाही, निसर्ग आडवा आहे.

स्काइप 2003 मध्ये आलं आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत पुण्या-मुंबईच्या कितीतरी शिक्षकांची सकाळ बदलली. मुळात श्रीनिवास खळ्यांसमोर बसून शिकलेले शंकर महादेवन यांनीही पुढे स्वतःची ऑनलाइन अकादमी काढली. अमेरिकेतल्या मुलांची शाळा सुटते तेव्हा इथे पहाट असते. पुण्यात साडेसहा वाजले की कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात संध्याकाळचे सहा. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं एक तास मागे जातात आणि इथल्या शिक्षकाचं वेळापत्रक कोलमडतं. समयाचं शास्त्र पाळणाऱ्यांची तर पंचाईतच. इथे भैरवाची वेळ, तिथे यमनाची. बहुतेक शिक्षक यात विद्यार्थ्याच्या घड्याळाची बाजू घेतात आणि पहाटे पहाटे यमन शिकवतात, हे त्यांच्या व्यवहारज्ञानाला शोभेसंच आहे.

पण मुळात हे वर्ग चालले कसे? दीडशे मिलिसेकंदांच्या लॅगवर साथ होत नाही, मग तालीम कशी होते? कारण आपली तालीम मुळातच आलटून-पालटून चालते. गुरूनं जागा घ्यायची, शिष्यानं ती परतवायची. मधे एका श्वासाइतकी फट पडली तर बिघडत नाही. पियानो-व्हायोलिनच्या शिक्षकाला विद्यार्थ्यासोबत वाजवून दाखवायचं असतं, तो तिथे अडतो. ख्यालाची तालीम त्या मानानं इंटरनेटवर सुखानं गेली. जिला सगळ्यात जुनाट समजायचे ती सीना-ब-सीना, म्हणजे गुरूच्या तोंडून थेट शिष्याला देण्याची पद्धत या नव्या तारेला सगळ्यात चांगली मानवली, असं माझं मत आहे.

अडचण तालाशी येते, आणि ती नीट समजून घेण्याजोगी आहे. समजा, गुरूनं आपल्या टेबलावर तबल्याचं अ‍ॅप लावलं. ठेका शिष्याला दीडशे मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. तो त्यावर अगदी चोख गातो. त्याचा आवाज परत यायला आणखी दीडशे. गुरूच्या कानावर शिष्य तीनशे मिलिसेकंद मागे पडतो. मिनिटाला 240 मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा 250 मिलिसेकंदांची. म्हणजे बिचारा सम गाठूनही मात्राभर चुकलेला दिसतो आणि विनाकारण बोलणी खातो. विलंबित एकतालात एकेक मात्रा तीन-चार सेकंदांची, तिथे हीच तफावत खपून जाते. उपाय सोपा आहे: ठेका शिष्याच्या बाजूला ठेवायचा. मग त्याचा आवाज आणि तबला दोन्ही सारखेच उशिरा पोचतात, एकमेकांशी जुळलेले. गुरूनं ऐकायचं, थांबवायचं, सांगायचं. ठेक्यावर स्वतः गाऊन दाखवायचं असेल तर आपल्याकडचा ठेका सुरू करायचा आणि शिष्यानं त्याचा बंद ठेवायचा. तंबोरा मात्र दोघांकडे, एकाच पट्टीत.

याहून मोठा गोंधळ सॉफ्टवेअरनं घातला. ही साधनं बोलण्यासाठी बनलेली. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा किंवा गाड्यांची घरघर, असं ती धरून चालतात आणि तो पुसून टाकतात. तंबोऱ्याहून अधिक एकसारखं काय वाजतं? मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि हजारो वर्ग एका आठवड्यात झूमवर गेले, तेव्हा शिक्षकांनी हा चमत्कार अनुभवला: तंबोरा सुरुवातीला ऐकू येतो आणि काही सेकंदांत विरून जातो. लांबवलेला षड्ज मधेच तुटतो. दोघं एकदम गायले की एकाचा आवाज दाबला जातो, त्यामुळे गुरूच्या सुरात सूर मिसळून गाणं बंदच झालं. विद्यार्थ्याची तान चालू असताना ‘वा!’ म्हटलं तर ती तानच कापली जाते. दाद द्यायचीही चोरी! पुढे ‘ओरिजिनल साऊंड’चं बटण शिक्षकांना सापडलं आणि त्याच वर्षी झूमनं संगीतासाठी वेगळी उच्च दर्जाची सोयही दिली. तरी डग्ग्याचा घुमारा मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून कधीच नीट उतरला नाही.

मैफलीची गोष्ट निराळी झाली. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव 2020 आणि 2021 अशी दोन वर्षं भरला नाही. घरोघरच्या फेसबुक लाइव्हवर कलाकार एकटे, नाहीतर घरच्याच साथीदारांसह गायले. चौकटीचौकटींत गायक, पेटीवाले, तबलजी दिसणारे व्हिडिओही त्या काळात भरपूर आले; ते वेगवेगळे ध्वनिमुद्रित करून नंतर सांधलेले असत. ही युक्ती एरिक व्हिटेकर या अमेरिकन संगीतकारानं 2010 मध्येच गाजवली होती. बारा देशांतल्या 185 गायकांनी आपापल्या घरी गायलेले सूर जोडून त्यानं एक समूहगान उभं केलं. ऐकायला सुरेख, पण त्यात कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं.

खरोखरीची साथ जमवण्याचे प्रयत्नही झालेत. इटलीतल्या त्रिएस्ते शहराच्या तार्तिनी संगीत विद्यालयानं तिथल्या संशोधन जाळ्याच्या अभियंत्यांसह ‘लोला’ नावाची प्रणाली घडवली आणि 2010 च्या नोव्हेंबरात त्रिएस्ते-पॅरिस असं वादन प्रत्यक्ष करून दाखवलं. आवाज-चित्राचं आकुंचन करण्यात वेळ जातो, म्हणून ते केलंच नाही. त्याऐवजी विद्यापीठांचं अतिवेगवान जाळं वापरलं. घरच्या जोडणीवर चालतील अशीही साधनं आहेत: स्टॅनफर्डचं ‘जॅकट्रिप’ आणि 2006 पासून चालत आलेलं, फुकट मिळणारं ‘जॅम्युलस’. त्यांना चित्राचं सोयरसुतक नाही. फक्त आवाज, तोही शक्य तितका लवकर.

सगळ्यात चतुर तोडगा मात्र 2005 च्या ‘निन्जॅम’चा. त्यानं उशीर कमी करण्याचा नादच सोडला आणि उलट वाढवून बरोबर एका आवर्तनाचा केला. प्रत्येक जण इतरांचं मागचं आवर्तन ऐकत आपलं चालू आवर्तन वाजवतो, आणि सम सगळ्यांची जुळते. हे रॉकच्या पोरांसाठी बनलं, पण खरं तर ते तबल्याच्या एकलवादनाला मापून शिवल्यासारखं आहे. लेहरा, म्हणजे साथीला वाजणारी धून, आवर्तनामागून आवर्तन तोच असतो. पेटीवाल्याचा लेहरा तबलजीला एक आवर्तन उशिरा आला तरी कुणाला कळणार? गवयाची उपज मात्र असं आवर्तनभर थांबून सांभाळता येत नाही.

पुणे-न्यू यॉर्क जुगलबंदी आजच्या घडीला होण्यासारखी नाही. पण मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर, प्रकाशाला एक मिलिसेकंदही लागत नाही. मुंबई-नागपूर चार-पाच. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात घरबसल्या साथीचा रियाज करणं आज शक्य आहे, आणि तो क्वचितच होतो. आड येतात त्या आपल्याच सवयी. ब्लूटूथचे इअरफोन लावले की शंभर-दोनशे मिलिसेकंद कानापाशीच खर्च होतात, तर वाय-फाय लय डगमगवतो. गाण्याचा ऑनलाइन वर्ग असलेल्या घरांनी एवढं तरी करावं: वायरचे हेडफोन घ्यावेत, संगणक केबलनं जोडावा, ठेका शिष्याकडे ठेवावा. दोन्ही वस्तू मिळून हजार रुपयांच्या आत येतात.